‘वांड’ मूल आणि वर्तनतज्ज्ञ

डॉक्टर काय करतो, मास्तर काय करतो, वकील काय करतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. परंतु एखाद्याने ‘मी वर्तनतज्ज्ञ आहे’ असे सांगितले, तर आपण क्षणभर थबकतो. हा गृहस्थ मुलांना शिस्त लावतो की काय? छडी न उगारता त्यांना वठणीवर आणण्याची एखादी युक्ती याच्यापाशी आहे काय? असा समज होणे स्वाभाविक आहे. तो दूर करणे हा प्रस्तुत विवेचनाचा पहिला हेतू. दुसरा हेतू असा की, या माणसाच्या कामात जे मर्म आहे ते आईबापांनी आणि शिक्षकांनीही उचलावे. कारण ते उचलण्यासाठी पदवी लागत नाही.

प्रथम या धंद्याच्या सीमा पाहू. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला असतो. तो निदान करतो आणि जरूर तर औषध देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, मुलाशी व पालकांशी बोलतो. या दोघांकडे मूल जाते. वर्तनतज्ज्ञ मात्र मुलाकडे जातो. वर्गातल्या मागच्या बाकावर, मधल्या सुटीच्या गोंगाटात, घरी जेवणाच्या वेळी, म्हणजे जेथे मुलाचे आणि जगाचे खटके उडतात तेथे तो बसतो, पाहतो आणि टिपून घेतो. अमेरिकेत हा धंदा आता चांगला रुळला आहे. तेथील पेनसिल्व्हेनिया राज्याने २००८ साली कायदा करून आत्ममग्न मुलांसाठी काम करणाऱ्या वर्तनतज्ज्ञास सरकारी परवाना आवश्यक केला. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. तेव्हा पुढे ‘तो’ म्हटले तरी ‘ती’ही त्यात आली असे समजावे.

आता ही मुले कोणती? आपल्या बोलीत त्यांना नावांची वाण नाही: वांड, द्वाड, हट्टी, आगाऊ, कोडगा. शास्त्राच्या परिभाषेत यांतल्या कुणाला तीव्र चिंतेचा विकार असतो, कुणाला नैराश्य, कुणाचे चित्त एका जागी ठरत नाही, कुणी आत्ममग्न असतो. कुणी घरात मारहाण वा मृत्यू पाहिलेला असतो आणि तो धक्का त्याच्या अंगात मुरलेला असतो. यांखेरीज एक वर्ग असा की जो कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही: ‘गरीब गाय’ म्हणून ज्या मुलीचे कौतुक होते, ती महिनामहिना वर्गात एक शब्दही बोललेली नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणी झालेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. ४० मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर अशी सुमारे ३ मुले त्या वर्गात बसलेली असतात. शिक्षकांना ती ठाऊक असतात. फक्त दुसऱ्या नावांनी.

वर्तनतज्ज्ञाचे सारे शास्त्र एका साध्या प्रश्नावर उभे आहे: हे वागून या मुलाला काय मिळते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने १८९८ साली मांजरांना खटक्याच्या पेटीत कोंडून प्रयोग केले आणि पुढे असा नियम मांडला की, ज्या कृतीचा शेवट समाधानात होतो ती कृती प्राणी पुनःपुन्हा करतो. स्किनर याने १९३० नंतरच्या दशकात हाच धागा पुढे नेला. आपल्याकडे हा नियम प्रयोगशाळेवाचून लोकांना ठाऊक होता. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण आणखी काय सांगते? रडणे हे मुलाचे पहिले साधन. ते कामी येते म्हणून टिकते. ज्याला बोलून मागता येते तो पुढे बोलू लागतो. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलून काही मिळत नाही असा ज्याचा अनुभव आहे, तो जुन्याच साधनाला धार लावीत बसतो.

हे नीट ध्यानी यावे म्हणून एक मुलगा कल्पनेने उभा करू. चौथीतला, नऊ-दहा वर्षांचा. आठवड्यातून तीन-चारदा तो वह्या फाडतो, शेजाऱ्याला चिमटे काढतो, बाईंना उलट बोलतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभा करतात. घरी चिठ्ठी जाते, घरी मार बसतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शाळा म्हणते, ‘एवढ्या शिक्षा केल्या तरी याला लाज नाही.’ आता वर्तनतज्ज्ञ येतो. तो मुलाला काहीच विचारीत नाही. मागे बसून दोन आठवडे एक तक्ता भरतो. तक्त्याला तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. सोबत वेळ आणि विषय. दोन आठवड्यांनी तक्ता बोलू लागतो. चित्रकलेच्या तासाला एकही प्रसंग नाही. खेळाच्या तासाला नाही. जवळजवळ सगळे प्रसंग मराठी वाचनाच्या तासाचे, आणि तेही आपली पाळी येण्याच्या थोडे आधी. ‘नंतर काय घडले’ या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नोंद: वर्गाबाहेर गेला.

आता शिक्षेचा अर्थ पालटला. बाईंच्या दृष्टीने जी शिक्षा, ती मुलाच्या दृष्टीने सुटका होती. त्याला वाचता येत नाही. चाळीस मुलांच्या देखत अडखळण्यापेक्षा दाराबाहेर उभे राहणे त्याला सोपे वाटते. ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘वांड’ म्हणवून घेण्यात त्याची अब्रू राहते. बाईंनी शिक्षा वाढवली तर हे वर्तन वाढेल, कमी होणार नाही. येथे कुणीही दुष्ट नाही, बाई नाहीत आणि मुलगाही नाही. दोघेही एकमेकांना, न कळत, तेच ते शिकवीत आहेत.

वर्तनामागे जे हेतू असतात ते ढोबळपणे चार सांगतात: कुणाचे तरी लक्ष मिळवणे, नकोशा गोष्टीतून सुटणे, हवी ती वस्तू मिळवणे, आणि शरीरालाच मिळणारे सुख वा स्वस्थता, जसे डोलणे, हात चावणे. अमेरिकेत आयवाटा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर पद्धतशीर कसोट्या घेऊन दाखवले की, वरून एकसारखे दिसणारे वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकून असते. म्हणून डोके आपटणाऱ्या दोन मुलांना एकच उपाय लागू पडेल असे नाही. ताप हे जसे एका रोगाचे नाव नव्हे, तसेच हेही आहे.

पुढची पायरी १९८५ साली कार आणि ड्युरँड या दोघांनी घातली. विकासात मागे राहिलेली चार मुले त्यांनी निवडली. काही मुले काम अवघड झाले की बिथरत, काही मोठ्यांचे लक्ष कमी झाले की बिथरत. पहिल्या प्रकारच्या मुलांना ‘हे मला समजत नाही’ अशा अर्थाचे एक वाक्य शिकवले, म्हणजे मदत मिळू लागली. दुसऱ्या प्रकारच्यांना ‘माझे काम बरे चालले आहे ना?’ अशा अर्थाचे वाक्य शिकवले, म्हणजे मोठ्यांचे लक्ष मिळू लागले. आरडाओरड झपाट्याने उतरली. विशेष म्हणजे चुकीच्या मुलाला चुकीचे वाक्य शिकवले तेव्हा काहीच फरक पडला नाही. वाक्य गोड असून भागत नाही. मुलाला जे हवे होते तेच त्या वाक्याने मिळावे लागते.

आपल्या कल्पनेतल्या मुलाकडे परत येऊ. त्याच्यासाठी योजना अशी होईल. त्याच्याजवळ एक पुठ्ठ्याचा तुकडा द्यावयाचा. तो बाकावर उभा केला म्हणजे ‘मला आज पाळी नको’ असा अर्थ, आणि बाईंनी तो निमूटपणे मानावयाचा. त्याच वेळी रोज पंधरा मिनिटे, वर्गाबाहेर, त्याला येईल इतके सोपे वाचन शिकवावयाचे. आठवड्याआठवड्याने पुठ्ठ्याची परवानगी थोडी थोडी कमी आणि वाचलेल्या ओळी थोड्या थोड्या अधिक. वह्या फाडल्या तर मात्र सुटका नाही. शांतपणे, न रागावता, त्याने त्याच तासाला वर्गात बसावयाचे. ‘हे तर लाड झाले’ असा आक्षेप येथे हमखास येतो. पण लाड म्हणजे मागितल्याविना किंवा रडून मागितल्यावर देणे. येथे आपण नीट मागावयास शिकवीत आहोत, आणि नीट मागितले तरच देत आहोत.

येथे घरच्या माणसांना एक इशारा द्यावा लागतो. जुनी खोड मोडू लागली की ती प्रथम वाढते. बाजारात बर्फाच्या गोळ्यासाठी लोळण घेणाऱ्या नातवाला आजी नेहमी गोळा घेऊन देते असे समजा. एक दिवस तिने न देण्याचे ठरवले. नातू नेहमीपेक्षा दुप्पट ओरडेल, चपला फेकील. लोक पाहू लागतील, आजीचा धीर सुटेल आणि ती गोळा घेऊन देईल. त्या दिवशी नातू एक नवा धडा शिकला: थोडे ओरडून भागत नसेल तर अधिक ओरडावे. आजीही एक धडा शिकली: दिले की शांतता होते. ओरेगन राज्यातील जेराल्ड पॅटर्सन या संशोधकाने घराघरांत बसून ही देवघेव टिपली आणि १९८२ साली ग्रंथरूपाने मांडली. कधी द्यावयाचे, कधी नाही, या धरसोडीने खोड सर्वांत पक्की होते. म्हणून वर्तनतज्ज्ञाचा बराच वेळ मुलापेक्षा मोठ्या माणसांबरोबर जातो. आई, बाबा, आजी, बाई आणि शाळेची बस चालवणारे काका या साऱ्यांनी एकच गोष्ट एकाच रीतीने करावी, यासाठी त्याला बैठकी घ्याव्या लागतात. हे मुलाला वळवण्याहून अवघड आहे.

तथापि, सर्वच गोष्टींचे मूळ वर्तनात शोधणेही धोक्याचे. पहिली चौकशी शरीराची. लाइटनर विटमर याने १८९६ साली फिलाडेल्फियात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. त्याच्याकडे आलेला पहिला मुलगा चौदा वर्षांचा होता. त्याला शुद्धलेखन काही केल्या जमत नसे. तपासाअंती त्याच्या अडचणीचा एक भाग दृष्टिदोषाचा निघाला आणि त्याला चष्मा देण्यात आला. दुखणारी दाढ, फुटलेला कान, उपाशी पोट, अपुरी झोप यांनी चिडलेल्या मुलाला वर्तनाची योजना लावणे म्हणजे काटा आत ठेवून मलमपट्टी करणे. तसेच मूल स्वतःला इजा करून घेऊ लागले, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, किंवा नसलेले आवाज ऐकू लागले, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. तेथे तक्ता भरीत बसू नये.

आणखी एक गोष्ट बक्षिसाच्या हिशोबात बसत नाही. ती म्हणजे विश्वास. ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या फ्रिट्झ रेडल याने १९४६ मध्ये डेट्रॉइट शहरात ‘पायोनियर हाउस’ नावाचे एक छोटे निवासगृह चालवावयास घेतले. तेथली मुले आठ ते अकरा वर्षांची, मारहाणीला सरावलेली, कुणाच्याही मायेवर विश्वास न ठेवणारी. रेडल आणि वाइनमन यांनी १९५१ साली या मुलांवर ग्रंथ लिहिला. त्यांना असे दिसले की कौतुकानेसुद्धा ही मुले बिथरतात. कारण जे मिळाले ते उद्या काढून घेतले जाईल, हाच त्यांचा अनुभव. साध्या खेळात हरण्याचे दुःखदेखील त्यांच्या मनाला पेलत नसे. ते गृह पैशाअभावी १९४८ मध्ये बंद पडले, आणि जी मुले नुकती कुठे सावरू लागली होती त्यांना आणखी एकदा घर सोडावे लागले.

निकोलस हॉब्स याने १९६१ पासून टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत जो उपक्रम उभारला, त्यात शिक्षक हाच मुलाचा मुख्य आधार मानला. मुले सोमवार ते शुक्रवार संस्थेत राहत आणि शनिवार-रविवार घरी जात, म्हणजे घराशी नाते तुटू नये. मुक्काम वर्षानुवर्षांचा नव्हे, काही महिन्यांचा. हॉब्सचा आग्रह असा की, प्रथम विश्वास, मग शिकवणे; आणि प्रत्येक दिवसात मुलाला आनंद वाटेल असे काहीतरी असलेच पाहिजे. ज्या मुलाच्या दिवसात आनंदाचा एकही क्षण नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या आधारावर करावयाची?

वादळ उठते तेव्हा काय करावयाचे, हेही या शास्त्राने ठरवले आहे. आवाज खाली आणावा. शब्द थोडे वापरावे. मुलाच्या अंगावर जाऊ नये. दोन पावले मागे, थोडे बाजूला उभे राहावे. बघ्या मुलांना दूर न्यावे. ‘का केलेस?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. त्याचे उत्तर मुलापाशी नसते. उपदेश तर मुळीच नको. मन निवल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, दोन वाक्यांत बोलावे आणि मोडलेली वस्तू दोघांनी मिळून उचलावी.

या धंद्याला एक काळी बाजू आहे. ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलाला गप्प करणे आणि मुलाला मदत करणे या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. १९६५ च्या सुमारास लॉस एंजलिस येथे लोवास या संशोधकाने आत्ममग्न मुलांवर विजेचे झटके वापरले, आणि त्या काळी त्याची प्रशंसाही झाली. १९९८ साली ‘हार्टफर्ड कूरंट’ या वृत्तपत्राने शोध घेऊन प्रसिद्ध केले की, अमेरिकेतील मानसिक रुग्णालये आणि निवासगृहे यांत दहा वर्षांच्या काळात १४२ व्यक्ती दाबून वा बांधून ठेवण्याच्या अथवा कोंडण्याच्या प्रकारांत दगावल्या. त्यांत मुलेही होती. त्यानंतर २००० साली त्या देशाने यावर निर्बंध घालणारा कायदा केला. शाळांसाठी १९९७ मध्येच अशी दुरुस्ती झाली होती की, विशेष शिक्षणातील मुलाला शिस्तीखातर दीर्घकाळ शाळेबाहेर काढावयाचे झाल्यास त्याच्या वर्तनाचे कारण शोधणे आणि त्यावर योजना करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. तेव्हा प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारला पाहिजे: हिच्यामुळे मुलाचे आयुष्य सुधारणार आहे, की केवळ आपला त्रास वाचणार आहे? वर्ग शांत झाला पण मुलगा वाचावयास शिकला नाही, तर ती योजना फसली असे समजावे.

आपल्याकडे हे काम अगदीच नवे नाही. मुंबईत टाटांच्या देणगीतून निघालेल्या समाजकार्याच्या शिक्षणसंस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस बंदी केली. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. पण छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिले नाही, तर शिक्षक हतबल होतो आणि मुलाकडे कानाडोळा करू लागतो. कायद्याने सोडलेली ही रिकामी जागा भरणे हेच वर्तनतज्ज्ञाचे काम. अशी माणसे आपल्या गावांत थोडी आहेत, आणि ती एका दिवसात तयार होणार नाहीत. सल्ल्याची तातडीची गरज पडल्यास, ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिचा उपयोग करावा.

बाकी जे आहे ते आपल्या हातचे आहे. ज्या मुलाने आपल्याला जेरीस आणले असेल, त्याच्यासाठी एक वही घ्यावी आणि तीन रकाने आखावेत. आठ दिवस फक्त लिहावे. रागावणे चुकले नाही तरी लिहिणे चुकवू नये. आठव्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून ती वही वाचावी आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा: यातून त्याला काय मिळाले? मग तीच गोष्ट मिळवण्याची एखादी बरी वाट त्याला शिकवता येईल काय, ते पाहावे. चांगल्या वर्तनतज्ज्ञाला शेवटी निरोप घ्यावयाचा असतो, आणि ज्या मुलाने पुष्कळ माणसे निघून जाताना पाहिली आहेत त्याला तो निरोप आधी काही आठवडे सांगून, दिवस मोजून घ्यावा लागतो. आईबापांना आणि शिक्षकांना असा निरोप घ्यावयाचा नसतो. ती उद्याही तेथेच असतात, आणि म्हणूनच वही त्यांच्या हाती असणे अधिक मोलाचे आहे.